बीरगावच्या प्रभुमंदिरातली शेवटची उपासना

गेल्या उन्हाळ्यात माझी प्रार्थनाच बिघडली होती. डोळे मिटले की आत एकच धुसफुस सुरू व्हायची. प्रभू, तुझं घर बंद पडतंय आणि तू गप्प कसा?

बीरगावचं आमचं प्रभुमंदिर अगदी लहानसं. विदर्भातून रेल्वेच्या नोकरीला इकडं हिंदी मुलखात आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी ते बांधलं. आधी मातीच्या भिंती आणि वर कवेलूंचं छप्पर. पुढे आजोबांच्या पिढीनं सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून ते पक्कं केलं. वादळात छप्पर उडालं, तेव्हा माझ्या वडिलांनी वर चढून टिनाचे पत्रे ठोकले. माझं लग्न तिथंच लागलं. मग शेजारच्या उरला गावचे कारखाने वाढले, बाकांवर काळी धूळ बसू लागली, मुलं नोकऱ्यांसाठी दूर गेली. उपासनेला आम्ही मोजकी म्हातारी माणसं उरलो. शेवटी मंडळीच्या पंचांनी ठरवलं, की देवळाला कुलूप लावायचं आणि शहरातल्या मोठ्या चर्चला जायचं.

"काहून एवढं जीवाले लावून घेऊन राहिली?" यजमान म्हणाले. "देव का त्याच भिंतीत आहे?"

त्यांचं खरं होतं, पण माझं मन थाऱ्यावर येईना.

शेवटची उपासना झाली. सगळे गेल्यावर मी एकटीच झाडत मागे राहिले. झाडलेलंच पुन्हा झाडत होते. तेवढ्यात दारात एक अनोळखी बाई आली, कडेवर तान्हं मूल.

"दीदी, यहाँ प्रार्थना करने देंगे?"

ती झारखंडची. नवरा जवळच्या सिलतरा गावातल्या एका कारखान्यात भाजला होता, दवाखान्यात होता. मी झाडू ठेवून तिच्याशेजारी गुडघे टेकले. ती तिच्या बोलीत रडत मागत होती, मी मराठीत. कित्येक दिवसांनी मी देवाशी भांडत नव्हते.

उठताना ती म्हणाली, "इधर हमारे बहुत घर हैं, दीदी. एक कमरे में आराधना करते थे, मकान-मालिक ने मना कर दिया. अगले इतवार सबको ले आएँ?"

"हव," मी म्हणून गेले. मला तसा अधिकार नव्हता. घाबरतच पाळकसाहेबांना फोन केला.

"कुलूप नका लावू," ते म्हणाले. "पंचांशी मी बोलतो."

पुढच्या रविवारी बाकं भरली, चटया अंथराव्या लागल्या. त्यांचा मांदर ढोल वाजला, गीतं त्यांच्या बोलीतली. खरं सांगते, मला ते टोचलं. वडिलांच्या जागेवर कुणीतरी परकं बसलं होतं. देऊळ वाचावं म्हणून मी रडले होते, पण ते आमचंच राहावं, ही अट मनात मीच घातली होती. ती सोडायला मला बरेच रविवार लागले. त्या बाईचा नवरा वाचला, हाताला पट्ट्या बांधून उपासनेला येऊ लागला.

मन अजूनही अधूनमधून कुरकुरतं. पण आता प्रार्थनेत मी प्रभूला उपाय सुचवत नाही. परवा त्या लेकराचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या वडीलधाऱ्यानं आशीर्वादाची प्रार्थना केली, त्यातला एकही शब्द मला कळला नाही. आमेन मात्र मीही म्हटलं, चांगलं मोठ्यानं.