बर्फाच्या खेळाची पाहुणी

रायपुरात हिवाळी खेळांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होणार हे ऐकून आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, लोक हसले होते. इथे डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो आणि बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर. पण तो खेळ होता फ्लोअरबॉल. हॉकीसारखाच, फक्त छपराखाली, गुळगुळीत फरशीवर, हलक्या काठ्या आणि भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन खेळायचा. बर्फाळ देशांत बाहेर पाय ठेवता येत नाही तेव्हा आत खेळतात, म्हणून त्याची गणना हिवाळी खेळांत. खेळाडू सगळे बौद्धिक दिव्यांग, आजूबाजूच्या देशांतून येणारे. स्पर्धेआधी काही दिवस त्यांनी गावातल्या घरांमध्ये पाहुणे म्हणून राहावं, असं आयोजकांनी ठरवलं होतं.

मी रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली बाई. आमचं घर गुढियारीच्या बाजूला, वर एक खोली रिकामीच असते. मी नाव दिलं. नवऱ्याने विचारलं, "जमन का तुले?" मी म्हटलं, न जमायला काय झालं. नाव देताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

स्वागताचा कार्यक्रम स्टेडियमबाहेरच्या मैदानात होता. मांडव फक्त मंचावर. खेळाडू उन्हात खुर्च्यांवर बसले होते आणि प्रमुख पाहुणे काही येत नव्हते. आले तेव्हा माइकवरून म्हणाले, "ये सब भगवान के विशेष बच्चे हैं." त्या 'बच्च्यां'तले काही तिशी ओलांडलेले होते. मग फोटोसाठी खाली उतरून त्यांनी एका उंच, दाढीवाल्या खेळाडूचा गाल ओढला. तो माणूस गोंधळून आपल्या प्रशिक्षकाकडे पाहायला लागला. मी देशाच्या नावाची पाटी धरून उभी होते. मी खाली पाहिलं. मला वाटलं, लाज वाटायची ती इथेच वाटून झाली. घरी सगळं नीट होईल.

आमच्याकडे आली ती भूतानची गोलरक्षक आणि तिच्या संघाच्या प्रशिक्षक बाई. मुलगी चोविशीतली असेल. डाऊन सिंड्रोम होता तिला. गोल चेहरा, आखूड कापलेले केस, दोन्ही गुडघ्यांवर खेळून खेळून पडलेले काळे घट्टे. बाईंनी दारातच सांगितलं, "ये हिंदी समझती है. टीवी देख-देख के सीखी है. बस धीरे बोलिए."

तिने बूट काढले, आत आली आणि हॉलमधली बुद्धाची मूर्ती पाहून थांबली. मग कोणाला काही न विचारता फरशीवर लोटांगण घालून तीनदा नमस्कार केला. आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते, पण असा नमस्कार आम्ही कोणी करत नाही. नवरा हात जोडून उभाच राहिला. "आपल्यातलीच आहे," तो म्हणाला.

भिंतीवरचा मुलाच्या लग्नाचा फोटो पाहून तिने विचारलं, "भाभी कहाँ है?"

"आराम कर रही है," मी म्हटलं. मी तसंच समजत होते.

सून तेव्हा गरोदर होती, सातवा महिना. तिच्या मदतीसाठी माझी मोठी नणंद नागपूरहून आलेली होती. माझ्या नवऱ्याला तिनेच वाढवलेलं, त्यामुळे घरात तिचा शब्द कोणी मोडत नाही. पाहुणे वर गेल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"सुनेले सांग, हे लोक असेपर्यंत खोलीतच राह्य म्हणा."

"काहून, ताई?"

"तिची नजर पडली त्या पोरीवर अन् पोटातल्या लेकरावर उतरलं तर? मंग काय करशील?"

"असं काही नसते. डॉक्टरनं सोनोग्राफी केली, सगळं ठीक आहे."

"मशिनीले काय समजते," ती म्हणाली आणि कणकेत पाणी घालायला लागली.

मी सुनेच्या खोलीत गेले. ती बँकेत नोकरी करते, रायपुरातच वाढलेली, मराठी सगळी समजते पण उत्तर हिंदीतच देते. मला वाटलं होतं, ती चिडेल. ती पलंगावर पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "मम्मी, मैं ये सब मानती नहीं. पर कुछ हो गया तो?"

मी म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी मोरीच्या कट्ट्यावर एक ताट, एक वाटी आणि एक पेला वेगळा काढून ठेवलेला दिसला. पाहुणीचा. प्रशिक्षक बाईंची भांडी बाकीच्यांत होती.

"ताई, हा पेला इथं काहून ठेवला?"

"राहू दे. ते लोक गेले की घासून ठेवू."

"तुमच्या आईले गावात वरून पाणी वाढत होते. ओंजळीत. तुम्हीच सांगितलं मले."

ती वांगी चिरत होती. वर न पाहता म्हणाली, "ते जातीचं होतं. माणसानं केलेलं. हे वेगळं आहे."

मी पेला घासला आणि बाकीच्या पेल्यांत ठेवला. जेवायच्या वेळेला तो परत बाहेर निघालेला. आणि त्या पोरीला वाटलं, हा पेला आपल्यासाठी खास ठेवलाय. ती स्वतः उठून मोरीवर गेली, पेला उचलून आणला, सगळ्यांना दाखवला. "मेरा गिलास," ती म्हणाली. खूश होती. मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं. नवरा जेवत होता. त्यालाही कळलं होतं, मला दिसत होतं, पण तो बहिणीसमोर बोलत नाही.

त्या दुपारी सून खिडकीशी उभी राहून माझ्या मुलाशी फोनवर बोलत होती. मुलगा भिलाईला नोकरीला, रात्रीच घरी येतो. "आत्या बोल रही हैं उसको देखूँगी तो बच्चे पे असर होगा," ती सांगत होती. "हाँ, कमरे में ही हूँ." खिडकी मागच्या अंगणात उघडते. अंगणात दोरीवर आपला खेळाचा टी-शर्ट वाळत घालत ती मुलगी उभी होती. मी तिला पाठमोरी पाहिली. तिने चिमटा लावला, टी-शर्ट सरळ केला, परत चिमटा काढून लावला. तिला ऐकू गेलं असेल असं मला वाटलं नाही. तिला समजलं असेल असं तर अजिबात वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे करत होते. ती जिन्यावरून खाली आली. डावा हात दोन्ही डोळ्यांवर घट्ट दाबलेला, उजव्या हाताने भिंत चाचपत. सुनेच्या खोलीच्या दारापाशी आली तेव्हा तिने मानही दुसरीकडे वळवली.

मला गंमत वाटली. "क्या खेल रही हो?"

"खेल नहीं, आंटी." हात डोळ्यांवरच होता. "भाभी का बेबी है. मैं नहीं देखूँगी तो बेबी अच्छा रहेगा."

तिने ऐकलेलं तिला थोडं उलटं समजलं होतं. तिला वाटलं होतं, तिच्या नजरेने बाळ बिघडतं. पण आम्ही बोललो होतो ते यापेक्षा फार वेगळं होतं, असंही मला म्हणता येईना.

सुनेचं दार उघडलं. तिने आतून सगळं ऐकलं होतं. पोटावर एक हात ठेवून ती उंबऱ्यात उभी राहिली. "दीदी, हाथ हटाओ."

"नहीं."

"कुछ नहीं होता. सच में कुछ नहीं होता."

"तो दरवाजा बंद क्यों था?"

तिने हे रागाने विचारलं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. हॉलमध्ये नवऱ्याने पेपर घडी करून मांडीवर ठेवला. पोहे करपायला लागले होते. नणंदेने जाऊन गॅस बंद केला.

प्रशिक्षक बाई खाली आल्या, तिच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. तिने हात काढला, पण नाश्ता करताना ती भिंतीकडे तोंड करून बसली. सून तिच्या शेजारी जाऊन बसली, पोह्यांची ताटली तिच्याकडे सरकवली. तिने ताटली घेतली, मान वळवली नाही.

ते सरावाला गेल्यावर मी मागच्या अंगणात गेले. नणंद पायरीवर बसली होती. मला तिच्याशी भांडायचं होतं. चांगलं कडक बोलायचं ठरवून गेले होते.

तीच बोलली. "माझी पहिली पोरगी गेली, तुले माहीत आहे ना."

माहीत होतं. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. घरात एवढंच म्हणत की आजारी होती.

"आजारी नव्हती. अशीच होती. असेच डोळे, अशीच जीभ जड. सासू म्हणे, तू पोटुशी असताना कोणाले तरी पाह्यलं. मले आठवेच ना कोणाले पाह्यलं. किती दिवस आठवून राहिली होती मी. बाजारात, रस्त्यानं, लग्नात." तिने पदराने हात पुसले, हात कोरडेच होते. "नणंदांची लग्नं व्हायची होती. पाहुणे आले की पोरीले मागच्या खोलीत ठेवो. ती आवाज नाही करे. शहाणी होती."

मी तिच्या शेजारी बसले. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. ती खरंच घाबरली होती, हे मला इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं. पण लाज काही कमी झाली नाही. आमच्या माणसांनी एक पोर आधीच दाराआड ठेवली होती, आणि आता दुसऱ्याच्या देशातून आलेल्या पोरीला आम्ही तेच शिकवून पाठवत होतो.

सामन्याच्या दिवशी सून म्हणाली, मी येणार. मुलाने सुट्टी घेतली. आम्ही स्टेडियममध्ये अगदी पुढे बसलो. नणंद आली नाही.

या खेळात गोलरक्षकाला काठी नसते. जाळीचा मुखवटा घालून गुडघ्यांवर बसायचं आणि अंगाने, हाताने चेंडू अडवायचा. ती विलक्षण अडवत होती. छातीवर चेंडू घेई आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून खाली वाके. लोक टाळ्या वाजवत होते, माझा नवरा उभा राहून वाजवत होता. मग एक चेंडू बाहेर गेला, तो कोणीतरी आणेपर्यंत तिने सहज वळून पाहिलं. तिला आम्ही दिसलो. सुनेने हसून हात हलवला.

तिने झटकन हातमोजा मुखवट्यावर धरला.

खेळ परत सुरू झाला होता. चेंडू तिच्या बाजूने आत गेला, तिला कळलंही नाही. त्यानंतर ती आमच्याकडे अर्धी पाठ करून बसली आणि त्या बाजूने येणारं तिला काही दिसेना. आणखी गोल झाले. प्रशिक्षक बाईंनी तिला बाहेर घेऊन दुसरी गोलरक्षक आत पाठवली. संघ हरला.

सुनेचा हात केव्हाच खाली आला होता. "मैं नहीं आती तो अच्छा था, मम्मी," ती म्हणाली.

प्रशिक्षक बाईंना सांगणं भाग होतं. मी त्यांना पाण्याच्या कॅनपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. दार, पेला, फोन. ओळखीपाळखीचे लोक येत-जात होते. मला हळू आवाजात बोलता आलं असतं, पण मी हळू बोलले नाही.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हमारे गाँव में भी बोलते हैं लोग. ये कभी मानी नहीं. लेकिन इंडिया वालों ने बोला न. टीवी में देखती है, यहाँ बड़े-बड़े अस्पताल, डॉक्टर. सोचती है आप लोगों को सब मालूम है."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, इथे चहा कुठे मिळेल.

निरोपाच्या कार्यक्रमात यजमान कुटुंबांना मंचावर बोलावून शाल दिली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने नकारार्थी मान हलवली. आम्ही दोघंही खुर्चीतून उठलो नाही. माइकवाला दोनदा नाव घेऊन पुढे गेला.

सुनेला मुलगी झाली. चांगली सुदृढ, रडकी. बाळ थोडं मोठं झाल्यावर भूतानहून प्रशिक्षक बाईंचा फोन आला, आणि त्यांनी तो लगेच तिच्या हातात दिला.

"आंटी, बेबी अच्छा है?"

"बहुत अच्छा है, बेटा. लड़की है."

"मैंने नहीं देखा था ना," ती म्हणाली. आवाजात इतका आनंद होता. गोल अडवल्यावर असतो तसा.

"बेटा, तुम देखती तो भी..." मी बोलायला लागले, पण ती तिकडे कोणाला तरी त्यांच्या भाषेत ही बातमी सांगत होती, हसत होती. मग लाइन गेली.

नणंद पाय पसरून बसली होती, पायांवर बाळ, तेल लावत होती. "काय म्हणे ती?"

मी सांगितलं. तिचा हात बाळाच्या छातीवर थांबला. मग म्हणाली, "तिले म्हणा, लेकराले पाहाले ये. म्हणा, म्हातारीनं बोलावलं."

मी परत फोन लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशी लागला तेव्हा ती सरावाला गेली होती. मी प्रशिक्षक बाईंकडे निरोप ठेवला. त्यांनी तो तिला कसा सांगितला, आणि तिने त्याचा काय अर्थ लावला, मला माहीत नाही.