काढलेलं परत कोण टाकतं?

मारुंजीच्या बाजूला आमचं ऑफिस होतं आणि मी जवळच्या नेरे गावात राहायचे. मंदीचं वर्ष होतं. शुक्रवारी शेजारी बसलेला माणूस सोमवारी असेलच असं नव्हतं, त्यामुळे सगळेच जरा जपून बोलत.

ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरना लागणारे अपडेट आधी एका सर्व्हरवर येत. कोणते पुढे सोडायचे आणि कोणते अडवायचे, हे मी आणि लातूरकडचा एक सहकारी बघायचो. ते अधिकार आम्हा दोघांनाच आहेत, असं आम्ही धरून चाललो होतो.

एक दिवस अकाउंट्समधून तक्रार आली. पीडीएफ वाचायच्या एका फुकट प्रोग्रामचं अपडेट सगळीकडे गेलं होतं आणि तेव्हापासून त्यांचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडता उघडता बंद पडत होतं. बाहेरच्या कंपनीचं हे अपडेट आम्ही कधी मागवलंच नव्हतं. मी ते सर्व्हरवरून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा तिथे होतं.

"तू परत टाकलंस का?" मी सहकाऱ्याला विचारलं.

"मी कशाला टाकू?" तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. ते मला खटकलं.

पुन्हा काढलं, पुन्हा आलं. संध्याकाळी हे मी घरमालकीण मावशींना सांगितलं. गोठ्याला भिंती घालून केलेल्या त्यांच्या खोल्यांपैकी एक माझ्याकडे होती. त्यातल्या काही त्या वर्षी रिकाम्या झाल्या होत्या, म्हणून मंदी त्यांनाही कळत होती.

"तितं तुमी दोघंच हाय ना? मग त्योच आसंल," त्या म्हणाल्या.

"पण त्याला काय मिळणार?"

"एकच खुर्ची ऱ्हायली तर कुनाची, ह्ये बघतुया त्यो."

मला ते पटलं. मी त्याच्याबरोबर डबा खाणं सोडलं, पासवर्ड बदलला. पाणी प्यायला उठले तरी स्क्रीन बंद करून जायचे. तोही तसंच करतोय हे दिसायचं, आणि त्यामुळे माझा संशय आणखी वाढायचा.

मग तो बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेला. आता बघू, म्हणून मी निर्धास्तपणे अपडेट काढलं. सकाळी ते परत आलेलं. मी ते वर कळवलं.

"तो तर रजेवर आहे," आमचे मॅनेजर म्हणाले.

"सर, मी नाही केलं."

"तू केलंस असं मी कुठे म्हटलं?"

म्हटलं नव्हतं, पण मी सहकाऱ्याकडे बघायचे तसेच ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "सर, आज मी हे तुमच्यासमोर काढते. उद्या आपण दोघं लवकर येऊ आणि नुसतं बघत बसू."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या उघडल्या आम्ही सर्व्हरसमोर बसलो. मी हात मांडीवर ठेवले होते. सरांचा चहा संपत आला, तेवढ्यात काढलेलं अपडेट स्क्रीनवर हजर झालं.

सरांनी तिथूनच सर्व्हर बसवून देऊन गेलेल्या कंत्राटदाराला फोन लावला.

"हो, त्या कंपनीच्या अपडेटची जोडणी मी करून दिली होती," तो म्हणाला. "माझ्या लॉगिनने रोज सकाळी चालते. तुम्ही काढलंत की ती परत टाकते."

"कुणाला विचारून केलीत?"

"सोयीसाठी केली, सर."

"कुणाच्या?"

फोन ठेवून सरांनी त्याचं लॉगिन बंद केलं. मी आधी ती जोडणी तोडली, मग सर्व्हरवरचं अपडेट काढलं आणि शेवटी अकाउंट्सच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रोग्रामची जुनी आवृत्ती घातली. त्यानंतर ते आलं नाही.

सहकारी लग्नाचे लाडू घेऊन परतला, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं.

"मला वाटत होतं तूच करतेस," तो शांतपणे म्हणाला. "जाताना सरांना सांगून गेलो होतो, माझ्या मागे काय होतं ते बघा म्हणून."

"मला का नाही विचारलंस?"

"तू बोलत कुठे होतीस?"

मी माझा डबा काढून त्याच्या टेबलावर ठेवला. त्या मंदीत आम्ही दोघंही टिकलो. कंत्राटदाराला सरांनी पुन्हा बोलावलं नाही. त्याचं त्या कंपनीशी काही साटंलोटं होतं का, ते मात्र आम्हाला कधीच कळलं नाही.