मामकूळ विचारलं, नोंदणी विचारली नाही

धुळ्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी पिंप्राळ्यातल्या माझ्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. तिचे यजमान हिवाळ्यात गेले. त्यांच्या नोकरीचे पैसे नुकतेच बँकेत जमा झाले होते आणि ते कुठं गुंतवायचे ते सांगायला एक सल्लागार घरी येणार होता. "अक्का, तू ये," ती म्हणाली. "मानूस चांगला शे. जावाईना चुलतभाऊ शे."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी कुरडया तशाच सोडून पिशवी भरायला घेतली. कारण चाळिशीत मीही माणूस असाच पारखला होता.

तेव्हा आमच्याकडे जो सल्लागार आला, त्याची मी तासभर कसून चौकशी केली. गाव कोणतं, मामकूळ कोणतं, आत्या कुठं दिली. आत्या माझ्या माहेरच्या गावात दिलेली निघाली आणि मी विरघळले. गावच्या सुनेच्या भाच्याला कोणी शिक्षण विचारतं का? मी त्याला भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. त्यानं भरीत पुन्हा मागून घेतलं, म्हणजे माणूस सच्चा, असा माझा शास्त्रोक्त निष्कर्ष. मग त्याचं बोट जिथं जिथं गेलं तिथं तिथं मी सही केली. घेतली काय, तर मुलाच्या शिक्षणाची योजना. मुलगा तेव्हा शिक्षण संपवून नोकरीला लागलेला होता. मधेच मोडली, तर भरले त्याहून कमी हातात आले. त्याच सुमारास सल्ल्याची फी घेणारा एक माणूस कोणीतरी सुचवला होता. त्याला मी हसले होते. सल्ल्याचे पैसे? आमच्याकडे ओट्यावर बसलं की सल्ला फुकट मिळतो, तोही न मागता. अशी ही हुशार बाई.

धुळ्याला पोचले तर बहिणीनं खापरावरच्या पुरणपोळ्या केलेल्या. सल्लागारासाठी कोणी खापर चुलीवर ठेवत नाही. त्या होत्या लेकीच्या सासरच्या माणसासाठी. मला तिथंच कळलं की आज प्रश्न विचारणं जड जाणार.

सल्लागार मुलगा नम्र होता. वाकून पाया पडला. कार्डावर सोनेरी अक्षरांत 'वित्त सल्लागार' आणि नावापुढं इंग्रजी अक्षरांची मालगाडी. त्यानं फॉर्म काढले, पेनाचं टोपण उघडून पेन बहिणीच्या हातात दिलं. तिच्या म्हातारपणाचा सगळा आधार त्या पेनाच्या टोकावर होता.

मी विचारलं, "भाऊ, ही अक्षरं कसली?"

तो सरळपणे म्हणाला, कोर्स असतो काकू, शनिवार-रविवारचा, नाशिकला हॉटेलात. जेवण चांगलं असतं.

"आणि तुम्ही सल्ला देता की योजना विकता?"

"दोन्ही एकच ना, काकू."

एकच नसतं, हे मी तेव्हाच्या फटक्यानंतर शिकले होते. सल्ला देणाऱ्याची सरकारी नोंदणी वेगळी असते आणि विकणाऱ्याची वेगळी. पहिला आपल्याकडून फी घेतो, दुसऱ्याला कंपनी कमिशन देते. विकणं हा काही गुन्हा नाही, फक्त आपण कोणासमोर बसलोय ते कळायला हवं. मी नोंदणी क्रमांक मागितला. त्यानं कार्डामागं लिहून दिला. चष्मा लावून मी फोनवर अधिकृत याद्यांत तो शोधला. सल्लागारांत नव्हता, विक्रेत्यांत होता. नाव त्याचंच, मुदतही चालू. लबाड निघाला असता तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं. हा बिचारा लबाड नव्हता. त्याला स्वतःलाच तो सल्लागार वाटत होता.

बहिणीनं पेन खाली ठेवलं. पोळी त्यानं अर्धीच खाल्ली. जाताना चपला घालत म्हणाला, "वहिनीला सांगतो, तुमच्या मावशीनं माझी परीक्षा घेतली."

वहिनी म्हणजे बहिणीची एकुलती लेक, दोंडाईचाला दिलेली. तिचा रात्रीच फोन आला. कोणी काही बोलत नाहीये मावशी, म्हणाली, तेच वाईट आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि या वर्षी तर बापाच्या नावाची पहिली घागर भरायची होती. दरवर्षी तिला आणायला बापच मुऱ्हाळी म्हणून जायचा. आता सासरचे पाठवतील का, या विचारानं बहीण दोन घास जेवेना. माझ्याकडं बघायची आणि नजर काढून घ्यायची. एकदाच बोलली. "पैसा वाचना अक्का, पन पोर नही उनी ते?"

पैसा वाचला, पण पोरच आली नाही तर, ही तिची धास्ती खरी होती. मग मीच मुऱ्हाळी होऊन निघाले. गुडघे कुरकुरत होते, पण भांडण लावणारीनंच जायला हवं होतं.

दोंडाईचाला विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, आणि समोर बसून विचारलं, "आमच्या पोराचं काय चुकलं?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "त्याचं कूळ मी विचारलंच नाही. ते चांगलंच आहे, म्हणून तर पोर दिली. कामाची नोंदणी विचारली. ती सोयरिकीत बघायची राहून जाते."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाल्या, त्यांचेही पैसे त्याच्याकडेच आहेत. कशात आहेत, ते त्यांना माहीत नव्हतं.

पोरगी पिशवी घेऊन बाहेर आली. जावई स्टँडवर सोडायला आले नाहीत. बस सुटल्यावर तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. आम्ही निघताना विहीणबाई माझा फोन नंबर मागून घेत होत्या, ते तिनं दारातून पाहिलं होतं. सासूही आता आपल्या पैशांची चौकशी करणार, आणि त्याचा जाब सासरी परत गेल्यावर तिलाच द्यावा लागणार होता, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.