डोंगराचे फोटो नाहीत म्हणून

आज शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, दम्माममधल्या आपल्या मराठी मंडळात माझ्या पाहुण्यांचा अपमान झाला. जे आले नव्हते त्यांच्यासाठी लिहिते आहे.

माझ्या जपानी शेजारीण हारुकोबाई. त्यांच्या गावाजवळच्या पवित्र डोंगराविषयी बोलायला मीच त्यांना बोलावलं होतं. तो डोंगरच त्यांचा देव, देवळात वेगळी मूर्ती नाही. पायथ्याशी वाकून नमस्कार करायचा, घंटी बांधलेला पांढरा पट्टा गळ्यात घालायचा आणि चढायचं. या वयातही बाई अनवाणी चढतात. वर काही खायचं नाही, फोटो काढायचा नाही आणि काय पाहिलं ते खाली येऊन कुणाला सांगायचं नाही.

बाई इंग्रजीत सांगत होत्या आणि मी भारावून ऐकत होते. तेवढ्यात आपले कार्यवाह नितीनराव उठले आणि मला मराठीत म्हणाले,

"काकू, फोटो नाहीत, सांगायचंही नाही, मग कार्यक्रम कसला? यल्ला, जेवायला चला!"

सगळे हसले. बाईंना त्यातलं 'यल्ला', म्हणजे इथल्या अरबीतलं 'चला', तेवढं कळलं. त्यांनी कमरेतून वाकून सर्वांना नमस्कार केला आणि त्या शांतपणे खाली बसल्या.

पाहुणा बोलत असताना मध्ये उठू नये, हे आम्हाला कॉन्व्हेंटात पहिलीत शिकवलं होतं. आणि हसणाऱ्यांनो, देवळातून आल्यावर फोटोत कुणालाही दाखवलं नाही, असं तुमच्यापाशी काय आहे?

परतताना गाडीत मी माफी मागितली. बाई म्हणाल्या, "डोंगर रागावत नाही."

डोंगर नसेल रागावत. मी रागावले आहे. नितीनराव, हारुकोबाईंच्या नावे लेखी माफी गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हाती द्या. सोबत फोटो नको.