खाटेला बांधलेली साल

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. कापसाचे दिवस फिरले होते त्या काळात मी केळापूरच्या बाजूला ठाणेदार होतो. एका सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला. हगवणीने बेजार झालेला एक माणूस गावातल्या म्हाताऱ्या कोलाम आदिवासी वैदूबाईचा काढा पिऊन दगावला होता.

पंचनामा केला. चुलीवरचं काढ्याचं मडकं सील करून प्रयोगशाळेला पाठवलं. खाटेला सालीचा एक तुकडा दोऱ्याने बांधलेला दिसला. करणीबिरणी असेल म्हणून तो तसाच सोडला. असल्या गोष्टींची मला भारी चीड. म्हातारीवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. गावाने तिच्या दारी जाणं सोडलं.

काही महिन्यांनी अहवाल आला. मडक्यातल्या अर्कात पिवळ्या कण्हेरीचं विष होतं, जीव घेण्याइतकं. म्हातारीला बोलावून मी टेबलावर हात आपटला. "आजी, कण्हेर काहून उकळली?"

"म्या हगवणीवर कुड्याच्या मुळीची साल देल्ली साहेब. ज्या मुळीची साल, तिचाच तुकडा रोग्याच्या खाटेले बांधतो आमी. तुमी पाह्यला नाही का?"

मी मयताच्या घरी गेलो. तुकडा अजून तिथंच होता. तो तपासायला पाठवला. कुडाच निघाला, औषधी द्रव्य असावं तेवढंच, कण्हेरीचा मागमूस नाही. मग मडक्यातली साल आणली कोणी?

म्हातारीला माझ्याआधी उमगलं होतं. "मी सुटली ना साहेब? आता त्या पोरीले कायले इचारता?"

तरी मी मयताच्या बायकोचा जबाब घेतला. "पयली साल सरली. वेचणी चालू होती, आजीकडं जाणं झालं नाही. वावराच्या धुऱ्यावर छाटलेली नुसती खुंटं होती. एकाची मुळी खणली, तसाच पांढरा चीक आला. मले कुडाच वाटला."

जबाब लिहून घेणं भाग होतं. पण गुंता सुटल्याच्या तोऱ्यात मी अहवाल उघडला आणि तिला मोठ्याने वाचून दाखवला. त्याची काही गरज नव्हती.

"त्यायनं नको म्हटलं होतं साहेब. कडू लागते म्हणे. म्या वाटी तोंडाले धरून पाजली. अर्धीच पाजली असती तं?"

प्रमाणाचा आकडा माझ्या पुढ्यातच होता. "वाचला असता कदाचित," मी म्हणालो.

प्रकरण अपघात म्हणून मिटलं. नोकरीने मला खरं बाहेर काढायला शिकवलं. कुठे थांबावं हे त्या बाईसमोर कळलं, पण तोवर मी बोलून गेलो होतो.