बाप असताना काढलेली मिशी

आमच्याकडे बाप जिवंत असेपर्यंत मुलगा मिशी काढत नाही. काढली, तर बाप गेला असं समजायचं. उमरखेडच्या कॉलेजातली पोरं हल्ली हे मानत नाहीत, पाहिजे तशी तोंडं कोरून घेतात. पण माझ्यासारखा पन्नाशी ओलांडलेला माणूस एके सकाळी सफाचट ओठ घेऊन दारात उभा राहिला, तर गल्लीत त्याचा एकच अर्थ होतो. हे मला कळत्या वयापासून ठाऊक होतं. तरी त्या उन्हाळ्यात माझी मिशी गेली.

बाबा महागावला कचेरीत कारकून होते. नोकरीच्या साऱ्या वर्षांत दाढीचे खुंट घेऊन ते कधी कामावर गेले नाहीत. ताप असला तरी आधी दाढी, मग गोळी. लकवा मारला तेव्हा उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं, पण सकाळी डावा हात गालावर फिरायचा आणि डोळे मला शोधायचे. घरी येऊन दाढी करणारा आमचा जुना न्हावी मुलाकडे नांदेडला राहायला गेला होता. नव्या सलूनवाल्यांना खाटेवरच्या म्हाताऱ्यासाठी खुर्ची सोडून यायला सवड नाही. म्हणजे तेही काम माझ्याकडे आलं.

सगळंच माझ्याकडे आलं होतं. नागपूरची नोकरी मुदतीआधी सोडून आलो, तेव्हा वाटलं होतं की पावसाळा संपेपर्यंत बाबा काठी धरून चालतील आणि मी परत जाईन. बाबा उठले नाहीत आणि माझाही पाय घराबाहेर निघाला नाही. त्यांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, औषधाच्या वेळा सांभाळायच्या. बाजारात गेलो तरी कान घराकडे. बायको म्हणायची, थोडं फिरून या, मी आहे ना. मी चौकापर्यंत जाऊन परत यायचो. खरं सांगायचं तर मी चिडका झालो होतो. बाबांवर चिडता येत नाही, म्हणून कूलरवर चिडायचो, दुधावर चिडायचो, त्या दाढीवर तर रोजच.

कारण दाढी जमत नव्हती. चार पात्यांचं महागडं मशीन बाबांच्या सैल कातडीवर ओढलं की साबण आणि केस त्यात अडकून बसायचे, आणि गालावर लाल पुरळ उठायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, त्यामुळे जरा खरचटलं तरी तासभर कापूस धरून बसावं लागे. स्टँडजवळच्या कटलरीच्या दुकानातल्या चाचांना हे रडगाणं सांगितलं. त्यांनी खालच्या खणातून एक साधं लोखंडी मशीन काढलं. पातं एकाच बाजूला. नेहमीचं ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं आणि त्यातलं अर्धंच बसवायचं.

"ये ले जाव," चाचा म्हणाले. "सस्ता है, पर हात हल्का रखना. दबाया तो गया."

नवं हत्यार एकदम बाबांच्या गालावर चालवायची माझी छाती नव्हती. म्हणून आधी स्वतःच्या तोंडावर हात बसवायचा ठरवला. पहिल्या दिवशी हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त काढलं. मग हळूहळू कळायला लागलं. गरम पाण्याच्या टॉवेलने गाल नीट शेकायचे, घाई करायची नाही. ब्रशने फेस चांगला घोळायचा. मशीनची मूठ टोकाशी धरायची, म्हणजे दाबायचा मोहच होत नाही. त्याचं वजन त्याचं काम करतं. डाव्या हाताने कातडी ताणायची आणि उजव्याने बोटभरच अंतर कापायचं. आठवड्याच्या शेवटी गालावरून हात फिरवला तर तो घसरला. इतकी चांगली दाढी मी लग्नातही केली नव्हती. मला त्या मशीनचा लळा लागला, कारण त्या दिवसांत माझ्या मनासारखी होणारी तेवढी एकच गोष्ट होती.

आता उद्यापासून बाबांची करू, असं ठरवून त्या सकाळी मी शेवटचा सराव करत होतो. अर्धं ब्लेड बसवताना ते एका अंगाला सरकलं होतं आणि त्याचा कोपरा मशीनच्या बाहेर डोकावत होता. फेसात मला ते दिसलं नाही. मिशीच्या कडेने हलका हात फिरवला आणि डाव्या मिशीचा तुकडा बेसिनमध्ये पडला. मग माकडाने दोन मांजरांचं लोणी वाटावं तसं माझं सुरू झालं. डावीकडे कमी, म्हणून उजवीकडचं थोडं; उजवीकडचं जास्त गेलं, म्हणून पुन्हा डावीकडचं. शेवटी नाकाखाली माशी बसल्यासारखं काहीतरी उरलं. ते ठेवण्यात अर्थ नव्हता. काढून टाकलं.

आरशात बघितलं. तिथं एक मोकळा झालेला माणूस उभा होता. ज्याचं सगळं उरकलं आहे, ज्याला आता कुठेही जाता येईल, असा. मला तो क्षणभर आवडला आणि लगेच त्याची किळस आली. बाबांनी हे तोंड पाहिलं तर त्यांना काय वाटेल, ते मला कोणी सांगायला नको होतं. वाटेल, पोरगा वाट बघून थकला आणि आधीच उरकून बसला.

बायकोने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाबांच्या खोलीत पळाली. त्यांची छाती वरखाली होताना पाहून परत आली.

"तुम्हाले काही समजते का?" ती म्हणाली. "आता वाढेपर्यंत त्याईच्यासमोर जाऊ नका."

तेवढ्यात दूधवाल्याची हाक आली आणि सवयीने मीच पातेलं घेऊन दारात गेलो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मान खाली घातली, दूध घातलं आणि सायकलची घंटी न वाजवता चालत निघून गेला. तो कोपऱ्यावर वळला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण त्याने काही विचारलंच नव्हतं, तर नाही म्हणायचं कोणाला? मी त्याच्यामागे अनवाणी, बनियनवर धावलो. ते तर जास्तच खरं दिसलं असणार.

तासाभरात समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. शेजारच्या काकू पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या, कारण अशा घरी चूल पेटत नाही. बायकोने त्यांना हाताला धरून खिडकीशी नेलं आणि आत झोपलेले बाबा दाखवले. काकूंना हायसं वाटलं असेल, पण जाताना त्या म्हणाल्या, "मंग काढली कायले?" बाप गेला म्हणावं तर तो घोरत होता, आणि नाही म्हणावं तर मी कपाळकरंटा.

तेव्हापासून मी अडकलो, आणि या वेळी पुरता अडकलो. बाहेर जायची सोय नव्हती. घरात बाबांच्या खोलीत जाणं टाळता येत नव्हतं, म्हणून उन्हात गाडीवर बांधतात तसा दुपट्टा नाकावरून बांधून मी त्यांच्याजवळ जायचो. तसाच त्यांना भरवायचो आणि तसाच त्यांची दाढी करायचो. उकाड्याने दुपट्टा ओला होऊन तोंडाला चिकटायचा, श्वास पुरायचा नाही.

"काहून बांधलं?" बाबांनी विचारलं.

"सर्दी झाली. तुम्हाले लागन म्हणून."

दाढी मात्र उत्तम होत होती. त्यांचा डावा हात गालावरून फिरायचा, घसरायचा, आणि ते डोळे मिटून पडून राहायचे. मी मशीन धुता धुता मनात म्हणायचो, केस किती हळू वाढतात.

गल्लीचा गैरसमज मिटला, पण फोन गल्लीच्या पुढे गेले होते. एका दुपारी दार वाजलं. बायको गिरणीवर गेली होती. तीच आली असेल म्हणून मी तोंड न बांधता उघडलं. समोर बाबांचे कचेरीतले एक जुने सोबती, ज्यांना मी काका म्हणतो ते, उभे होते, फुलसावंगीहून एस.टी.ने आलेले. त्यांच्या बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी होती आणि तिच्यातून झेंडूची पाकळी बाहेर आली होती. माझं तोंड पाहताच त्यांनी मला मिठी मारली आणि मोठ्याने रडायला लागले.

"मले कोनी लवकर सांगतलं नाही रे पोरा," ते म्हणाले. "शेवटचं तोंड बी पाह्यलं नाही."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून शब्द शोधत होतो, तोच आतून जड आवाज आला.

"कोन आलं रे?"

काकांचं रडणं जागीच थांबलं. मी त्यांना हाताने खुणावलं, दुपट्टा नाकावर ओढला आणि त्यांना आत नेलं. ते खाटेशेजारच्या स्टुलावर बसले. बाबांकडे असे बघत राहिले की मलाच कसंतरी झालं. पुडी त्यांनी पायामागे सरकवली. पण बाबांचं अंग गेलं होतं, नजर नव्हे.

"हार कोनाले आनला?"

काका घाम पुसू लागले. बाबांनी एकदा पुडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तोंडावरचं काढ," ते म्हणाले.

मी काढलं. त्यांनी बराच वेळ माझ्या ओठाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे भिंतीकडे तोंड करतील आणि परत कधी वळणार नाहीत.

"मी गेलो," बाबा एकेक शब्द ढकलत म्हणाले, "तं मले सांगाचं तरी."

काका फसकन हसले आणि परत रडायला लागले. मला हसता आलं नाही. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. तुम्हाला रक्त येऊ नये म्हणून आधी स्वतःवर शिकत होतो, पातं सरकलं, आणि तुम्हाला वाटेल मी वाट बघतोय, म्हणून तोंड लपवलं. सांगताना मला रडू फुटलं, कारण त्या आरशातल्या माणसाबद्दल मी बोललो नव्हतो आणि बाबांना तोही कळला असावा असं वाटत होतं. बाबांनी डावा हात उचलला आणि माझ्या वरच्या ओठावरून, आपल्या गालावरून फिरवत तसा, फिरवला.

"साफ झाली," ते म्हणाले. मग म्हणाले, "माही बी काढ."

मी नाही म्हणालो. आजोबा गेले तेव्हा एकदाच उतरलेली ती मिशी, पांढरी आणि जाड. पण त्यांनी डोळ्यांनीच मशीनकडे खूण केली. मी पाणी गरम केलं, टॉवेलने शेकलं, फेस केला. पातं बसवून दोन्ही टोकं बोटाने चाचपून पाहिली. काकांनी बाबांचं डोकं धरलं. लकव्याने ओढलेला ओठ मी अंगठ्याने ताणला आणि हात मोकळा सोडून थोडं थोडं कापत गेलो. रक्ताचा थेंबही आला नाही. शेवटी तुरटी लावली. मिशीखालचा बाबांचा ओठ मी जवळून प्रथमच पाहत होतो. तो माझ्यासारखाच होता.

"गावात सांगजा," बाबा काकांना म्हणाले, "बापलेकाईनं हौसेनं काढली म्हनून."

काकांनी मान हलवली. हार कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, म्हणून जाताना त्यांनी तो आमच्या देवघरातल्या देवाला घातला.

ते गेल्यावर मी बाबांच्या मानेखालचा टॉवेल काढत होतो, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"आता वाढव," ते म्हणाले. "मी जाईन तवा न्हाव्याले काही तं ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना मी आम्हा दोघांचाही वरचा ओठ सोडला.