अंगणवाडीतलं गाऱ्हाणं

लहान मुलांनी काय शिकावं हे लिहायला आम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला बोलावलं, तेव्हा मला हसूच आलं. तारकर्लीच्या अलीकडच्या एका वाडीत मी अंगणवाडी चालवते. आजवर कागद वरून यायचे आणि आम्ही ते भिंतीला चिकटवायचो. आता म्हणे तुम्हीच सांगा! जिल्ह्यातल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मार्गदर्शिका करायची होती. समिती नेमली की चहा-बिस्किटं आलीच, आणि बिस्किटं संपली की समिती संपते, हे मला ठाऊक होतं. पण पुण्याहून आलेल्या मॅडम भल्या होत्या. "तुमची मुलं काय खेळतात ते लिहा," म्हणाल्या. मी लिहिलं, गाऱ्हाण्याचा खेळ.

आमच्याकडे देवळात मानकरी देवापुढे उभा राहून सगळ्या गावासाठी गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मुलं ते बघतात आणि अंगणवाडीत तेच खेळतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. मॅडमना ते फार आवडलं. आधी मुलांच्या आयांसमोर करून दाखवा, मग मार्गदर्शिकेत घालू, असं ठरलं.

मला मात्र तो खेळ एकाच मुलीसाठी हवा होता. बाप मासेमारीच्या बोटीवर, आई बाजारात मासळी विकणारी. पोर चार वर्षांची झाली तरी चारचौघांत तोंड उघडायची नाही. मुकी नव्हती, कानही शाबूत होते, घरी म्हणे मांजराशी कुजबुजायची. मुकं चेडू जन्माला घातलं म्हणून सासू तिच्या आईला उठता-बसता टोचायची. त्या पोरीने एक शब्द बोलावा म्हणून मी काय काय नाही केलं! गाणी म्हटली, बाहुल्या नाचवल्या, म्हैस होऊन हंबरले. ती आपली बघत बसायची.

खेळ दाखवायच्या दिवशी आया ओळीने बसल्या. सुपरवायझर मोबाइल धरून उभी. गाऱ्हाणं घालायला आमचा सगळ्यात बडबड्या पोरगा ठरला होता, त्याने ऐन वेळी आईच्या पदरात तोंड खुपसलं. आवशीचो घो! आता काय करावं म्हणून मी इकडे-तिकडे बघते, तोवर ती उठली. हात जोडले, मानकऱ्यासारखं पोट पुढे काढलं.

"बा देवा म्हाराजा!"

सगळ्या तिच्याकडे वळल्या. मग सवयीने कोणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा."

"माज्या बापाशीक दर्यात सांबाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका बेगीन घराक धाड! आणि आजयेक सांग, माज्या आवशीक गाळी घालू नको!"

बायका हसता हसता रडायला लागल्या. तिच्या आईला 'व्हय म्हाराजा' म्हणायचंही सुचेना. मी तर सुपरवायझरच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. इतकी वर्षं खिचडी ढवळली, वजनं केली, त्यातून एकदा तरी काहीतरी खरं हाती लागलं असं वाटलं. तेव्हापासून ती मुलगी अंगणवाडीत बोलतच सुटली.

मार्गदर्शिका छापून आली. त्यात आमचा खेळ होता, आणि लहान मुलाशी आधी त्याच्या घरच्या भाषेत बोलावं हे मी भांडून घालायला लावलेलं वाक्यही होतं.

जूनमध्ये तिची आई पेढे घेऊन आली. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? चेडू बोलाक लागला म्हणान मालवणात विंग्रजी शाळेत घेतल्यानी. गेल्या वर्षी गप्प रवला, तर परत धाडल्यानी."

"अगो, पण हयसर काय कमी होता?"

"कमी काय नाय, बाई. पण माज्यासारखी मासळी इकूची नाय तेणी."

आता तिला ती मार्गदर्शिका वाचून दाखवू? मी पेढा तोंडात टाकला. गोड लागला नाही, पण गिळला. पुढच्या महिन्यात आणखी दोघं-तिघं त्या शाळेच्या पिवळ्या व्हॅनमधून जायला लागली. अंगणवाडीत खेळायला पुरेशी मुलंही उरली नाहीत.

दिवाळीनंतर मालवणच्या बाजारात मायलेकी भेटल्या. पोरीच्या गळ्यात टाय, पायांत चकचकीत बूट. मला कोण आनंद झाला! मी खाली वाकून विचारलं, "काय गो बाय, बापूस इलो काय दर्यासून?"

तिने आईकडे बघितलं.

"शाळेत मालवणी बोलूक देनत नाय, बाई," आई कौतुकाने सांगत होती. "आता घराकडेव बोलना नाय. टीचर म्हणतत, लय शिस्तीचा चेडू आसा."

मी पुन्हा विचारलं, "बापूस इलो काय गो?"

पोरीने माझ्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं, आणि आई हाताला धरून ओढेपर्यंत ती तशीच उभी राहिली.